समोर दगड बसलेत असं समज

भाषणाची भीती वाटते, असं म्हणायचा अवकाश, की सल्ले सुरू होतात. त्यात एक हमखास असतो : "समोर सगळे दगडधोंडे बसलेत असं समज आणि दे ठोकून!" हा सल्ला देणारे बहुतेक माइक दिसला की खुलणाऱ्यांपैकी असतात. त्यामुळे आपल्या औषधाला गुण आहे की नाही, हे त्यांना स्वतःवर कधी तपासावं लागलेलं नसतं.

मी ते घेऊन पाहिलं आहे. पहिल्या रांगेतल्या भल्या माणसांचा दगड करायचा म्हणजे आधी त्यांच्या नजरा पुसायच्या, मग ओठांवरचं अर्धवट हसू, मग मानेची हालचाल. एवढं सगळं जमवल्यावर लक्षात येतं, की आता आपण खरोखरच न हलणाऱ्या, न बोलणाऱ्या, कशानेच न बधणाऱ्या लोकांपुढे उभे आहोत. म्हणजे ज्याची धास्ती होती, तेच आपण आपल्या हाताने उभं केलं.

तसं पाहिलं तर भाषणापेक्षा त्याच्या आधीचा वेळ वाईट. बोलायला लागल्यावर दोन-चार वाक्यांत बऱ्याच जणांचा आवाज ताळ्यावर येतो. पण त्याआधी, सूत्रसंचालक आधीच्या वक्त्याचे आभार मानत असतात, आभारात एक कविता असते, आणि आपण खुर्चीच्या कडेवर बसून टाळ्या वाजवत असतो. तळहात गार पडलेले. जीभ टाळूला चिकटलेली. मघाशीच जाऊन आलो, तरी पुन्हा एकदा जाऊन यावंसं वाटतं. आपलं नाव येणार हे पत्रिकेत छापलेलं असतं, तरी ते पुकारलं की दचकायला होतं.

शरीराच्या बाजूने पाहिलं तर त्यात चुकीचं काही नाही. धोका दिसला की अ‍ॅड्रिनॅलिन सुटतं आणि लढायची किंवा पळायची तयारी होते. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे मांडून ठेवलं. हृदय जोरात चालतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं म्हणून हात गार पडतात. पळताना कुणी जेवत नाही, तेव्हा पचनाचं काम थांबतं आणि त्याबरोबर लाळही आटते. सगळी जय्यत तयारी पळण्याची, आणि करायचं काय, तर एका जागी उभं राहून "सन्माननीय व्यासपीठ" म्हणायचं. पाय लटपटतात यात नवल ते काय! हातात एकच पातळ कागद असेल तर बोटांची जराशी थरथर त्याच्या टोकापर्यंत चांगली मोठी होऊन पोचते आणि शेवटच्या रांगेलाही दिसते. म्हणून मुद्दे जाड कार्डावर लिहावेत. एवढा एक सल्ला मी बिनधास्त देतो.

पण शरीराला धोका दिसतो कुठे? वाघ नसतो, आग नसते. समोर असतात ती आपल्यासारखीच, मधूनच घड्याळ बघणारी माणसं. इथे दगडांचा विषय पुन्हा येतो. माणसाला प्रयोगशाळेत हुकमी ताण कसा द्यायचा, हा संशोधकांपुढचा जुना पेच. 1993 साली जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठातल्या तिघांनी त्यावर एक पद्धत बसवली, ती आजही जगभर वापरली जाते. तुम्हाला तयारीला थोडा वेळ देतात. मग परीक्षकांपुढे पाच मिनिटं, नोकरीच्या मुलाखतीला आल्यासारखं, स्वतःबद्दल बोलायचं. त्यानंतर 1022 मधून 13 वजा करत करत मोठ्याने उलटं मोजत जायचं. चुकलात की पुन्हा 1022 पासून. कॅमेरा आणि माइक चालू. या सगळ्यातली खरी मेख मला परीक्षकांत दिसते. त्यांना ताकीद असते की चेहरा कोरा ठेवायचा. हसायचं नाही, मान डोलवायची नाही, "छान" म्हणायचं नाही. एवढ्यावर बहुतेकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, झपाट्याने वर जातं.

थोडक्यात, माणसाला घाबरवायचं तर त्याच्यापुढे दगड बसवावेत, हे शास्त्राने सिद्ध करून दाखवलेलं आहे. आणि आपले हितचिंतक तेच दगड आपल्याला उपाय म्हणून देत असतात. पुढे 2013 मध्ये जर्मनीतल्याच संशोधकांनी याच चाचणीची प्रेमळ आवृत्ती करून पाहिली. बोलायचं होतंच, फक्त समोरची मंडळी हसतमुख, दाद देणारी. कॉर्टिसॉल वाढलं नाही.

मोठमोठ्या वक्त्यांनाही हे चुकलेलं नाही. प्राचीन रोममधला प्रसिद्ध वक्ता सिसेरो याने आपल्या एका संवादरूपी ग्रंथात क्रासस या नामांकित वक्त्याच्या तोंडी कबुली घातली आहे, की भाषणाच्या सुरुवातीला आपण पांढरेफटक पडतो आणि अंगभर कापरं भरतं. खुद्द सिसेरोवर इसवी सनपूर्व 52 मध्ये भलताच प्रसंग आला. मायलो नावाच्या मित्रावर खुनाचा खटला, त्याच्या बचावाचं भाषण सिसेरोने करायचं, आणि भोवती रोमन सेनापती पाँपीने उभे केलेले सैनिक. सिसेरो गडबडला, भाषण पडलं, मायलोला हद्दपार होऊन आजच्या फ्रान्समधल्या मार्सेयला जावं लागलं. नंतर सिसेरोने तेच भाषण घरी बसून झकास लिहून काढलं आणि त्याला पाठवलं. त्यावर मायलोने कळवलं म्हणतात, की बरं झालं तू तिथे हे असं बोलला नाहीस, नाहीतर मला इथले हे उत्तम मासे खायला मिळाले नसते. गांधीजींनीही लंडनमधल्या शाकाहारी मंडळींपुढे वाचायला निबंध लिहून नेला होता आणि तो दुसऱ्याने वाचून दाखवला. पुढे आत्मचरित्रात या बुजरेपणाचे त्यांनी आभारच मानले आहेत. शब्द जपून वापरायला त्याने शिकवलं म्हणून.

यावर अजून एक गोष्ट, आणि ती मला सगळ्यांत उपयोगी वाटते. घाबरलेल्या माणसाला वाटतं की आपली धडधड सभागृहभर ऐकू जाते आहे. जात नाही. आपण स्वतः श्रोते असतो तेव्हा आठवून पाहावं : वक्त्याच्या घशाला कोरड पडली आहे की नाही, याचा विचार आपण कधी केलेला असतो? आपण पंख्याखालची जागा शोधत असतो. साविट्स्की आणि गिलोविच या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये काही जणांना बोलायला उभं करण्याआधी एवढंच सांगितलं, की तुमची अस्वस्थता तुम्हाला वाटते तितकी बाहेर दिसत नाही. ज्यांना हे सांगितलं होतं, त्यांची भाषणं इतरांपेक्षा चांगली झाली. भीती घालवण्याच्या नाना खटाटोपांपेक्षा हे मला पटतं. राहू दे की आत! तिला बाहेर कुणी ओळखत नाही.

दगडांचा सल्ला हल्ली खऱ्या अर्थाने अमलात आला तो ऑनलाइन बैठकांमध्ये. सगळ्यांचे कॅमेरे बंद, माइक बंद, पडद्यावर नावांचे काळे चौकोन. एकही डोळा आपल्याकडे बघत नाही. भित्र्या माणसाला याहून सोयीचं काय असणार? तरीही अशा बैठकीत बोलणारा दर दोन मिनिटांनी "ऐकू येतंय ना?" विचारत राहतो. आवाज जातोय हे त्याला पक्कं ठाऊक असतं. मग कुणीतरी माइक सुरू करून "हो हो, येतंय, बोला" म्हणतं, आणि त्याच्या पुढच्या दोन स्लाइड सुरळीत जातात.

मी आता उलटं करतो. वेळेआधी जाऊन दारात दोघा-चौघांशी हवापाण्याचं काहीही बोलून ठेवतो, म्हणजे नंतर समोर निदान तेवढे तरी ओळखीचे चेहरे असतात. पहिली दोन वाक्यं पाठ करतो, बाकी काही नाही. उभं राहिल्यावर सभागृहात एक मान डोलवणारा शोधतो. तो असतोच. बहुधा तिसऱ्या-चौथ्या रांगेत, कडेला, आणि आपण सांगतो आहोत ते त्याला पटतंच असंही नाही. डोलवायची सवय असते बिचाऱ्याला. पण त्याच्याकडे बघत बोललं की आवाज त्याच्याइतक्या उंचीवर येतो.

श्रोता म्हणून बसलो की तो मान डोलवणारा मी होतो. याचा त्रास आहे, हे आधीच सांगून ठेवतो. वक्त्याला एकदा तुमचा पत्ता लागला की तो पुढचं सगळं भाषण तुमच्याशीच करतो. फोन काढता येत नाही, जांभई नाकातून सोडावी लागते, मधूनच उठून जाण्याचा तर प्रश्नच नाही. वर "कुणाला काही विचारायचंय का?" म्हणताना तो तुमच्याचकडे बघतो. आणि हात वर करून, माइक रांगेतून सरकत सरकत आपल्यापर्यंत येईतो छाती धडधडायला लागते, ती वेगळीच.