समिटबाई मुलांच्या संघाकडे का गेल्या नाहीत? तुम्ही विचारलंत म्हणून

"एवढी ग्रेट होती ना, मग मुलांच्या संघाकडे का गेली नाही?"

अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाच्या कोच पॅट समिट यांचं नाव निघालं की हा प्रश्न येतोच. ३८ हंगाम, १०९८ विजय, २०८ पराभव, आठ राष्ट्रीय अजिंक्यपदं, हे विचारणाऱ्याला बहुतेक वेळा तोंडपाठ असतं, तेव्हा ते पुन्हा उगाळत नाही. आकडे मान्य करून झाले की मग तो 'पण' येतो. मुलींमध्ये ठीक आहे हो, पण...

त्यांना कुणी विचारलं नव्हतं असं नाही. टेनेसीनं मुलांच्या संघासाठी त्यांना एकाहून जास्त वेळा विचारलं आणि प्रत्येक वेळी त्यांनी नकार दिला. यावर पूर्वी माझं उत्तर एका ओळीचं असायचं: तिकडे जाणं ही बढती आहे हे ठरवलं कुणी? समिटबाईंनीही साधारण असंच विचारलं होतं, त्यामुळे समोरचा गप्प बसायचा. गप्प बसला म्हणजे पटलं असं नाही, आणि आताशा त्या उत्तरानं माझंही समाधान होत नाही. ते तत्त्वाचं उत्तर आहे. बाई तत्त्वाच्या होत्याच, पण हिशेबालाही पक्क्या होत्या.

१९७४ मध्ये २२ व्या वर्षी त्या नॉक्सव्हिलला, टेनेसी विद्यापीठाच्या गावी, आल्या त्या पुढचं शिक्षण घेता घेता असिस्टंट म्हणून काम करायला. आधीच्या कोच रजेवर गेल्या आणि हेड कोचपद अंगावर पडलं. पगार महिन्याला २५० डॉलर. शारीरिक शिक्षणाचे तास घ्यायचे, खेळाडू म्हणून स्वतःचा दुखावलेला गुडघा १९७६ च्या ऑलिंपिकसाठी तयार करायचा, वर संघाची व्हॅन चालवायची आणि गणवेशही धुवायचे. पहिलाच सामना मर्सर विद्यापीठाविरुद्ध ८३-८४ असा हरल्या. एनसीएएला, म्हणजे अमेरिकन कॉलेजांतले खेळ चालवणाऱ्या संघटनेला, मुलींसाठी राष्ट्रीय स्पर्धा घ्यावीशी वाटली ती १९८२ मध्ये. म्हणजे पहिली काही वर्षं तर ज्या शिडीची तुम्ही गोष्ट करता ती शिडीच नव्हती.

पुढे टेनेसीत मुलींच्या खेळांचा विभागच स्वतंत्र राहिला. बजेट वेगळं, संचालक वेगळ्या. १९८३ पासून जोन क्रोनन. त्या विभागात बास्केटबॉलला मानाचं पान होतं. मुलांच्या विभागात ते अमेरिकन फुटबॉलचं, आणि बास्केटबॉलनं उरलेल्यात समाधान मानायचं. दोन्ही संघ खेळायचे एकाच थॉम्पसन-बोलिंग अरीनात. पण १९८९ ते २००५ या काळात मुलांच्या संघाचे चार कोच आले आणि गेले. इकडे तेवढ्याच काळात समिटबाईंनी १९९६, ९७, ९८ अशी सलग तीन अजिंक्यपदं मिळवली, त्यातलं शेवटचं ३९-० असं. स्वतःचं राज्य सोडून त्या खुर्चीत कोण शहाणा माणूस बसेल?

हे सांगितलं की प्रश्नाच्या पोटातला प्रश्न बाहेर येतो: मुलींना शिकवणं सोपं असतं ना? मुलींच्या चेंडूचा घेर २८.५ इंच, मुलांच्या २९.५. बास्केट दोघांसाठी दहा फुटांवरच. कामाचं म्हणाल तर घड्याळही दोघांना तेच. हंगामात आठवड्याला २० तास, दिवसाला जास्तीत जास्त चार, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी, असा एनसीएएचा नियम. सामन्याचे तीन तास धरतात, मग तो कितीही लांबो. दोन सामन्यांच्या आठवड्यात सहा तास तिथेच गेले. उरलेल्या चौदांत सराव, वेट ट्रेनिंग आणि व्हिडिओ बघणं सगळं बसवायचं. त्यामुळे सरावाचा कागद मिनिटामिनिटानं लिहिलेला असतो, आणि एक ड्रिल सहा मिनिटं लांबलं तर ती सहा मिनिटं दुसऱ्या कुठल्या तरी ड्रिलमधून कापावी लागतात.

सरावाला समिटबाई कॉलेजातली मुलं आणायच्या. आता हे बहुतेक मोठे संघ करतात. मुलं पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे डाव खेळून दाखवतात. त्यांची उडी आणि वेग जास्त, त्यामुळे मुलींना सामन्यापेक्षा अवघड बचाव सरावातच भेटतो. तोटाही आहे. मैदानावर एका बाजूला पहिल्या पाच मुली आणि समोर पाच मुलगे असले की राखीव मुली कडेला उभ्या राहतात, आणि त्यांनाच तर सरावाची गरज जास्त. २००६ मध्ये एनसीएएच्या महिला खेळांच्या समितीनं नेमक्या याच कारणानं ही पद्धत बंद करावी असं म्हटलं होतं. उपाय एकच: प्रत्येक ड्रिलमध्ये कोण कधी आत येणार तेही कागदावर लिहायचं आणि पाळायचं. पाळलं जातंच असं नाही.

शिवाय गुडघे. एसीएल, म्हणजे गुडघ्यातला एक मुख्य अस्थिबंध, फाटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा बरंच जास्त आहे, आणि परत यायला नऊ महिने ते वर्ष जातं. स्कॉलरशिपा १५ असल्या तरी जानेवारीत उभ्या राहू शकणाऱ्या तेवढ्या नसतात, हे धरूनच मुली निवडायच्या. त्यांची स्टार खेळाडू कँडेस पार्कर हिचं टेनेसीतलं पहिलं अख्खं वर्ष गुडघ्यात गेलं. २००७ आणि २००८ ची अजिंक्यपदं आली ती त्या वर्षी घाई केली नाही म्हणून, असं माझं मत. वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचं आणि तास बुडवला तर सामना नाही, हा समिटबाईंचा नियम तुम्हाला माहीत असेलच. गोड वाटतो, पण स्टार खेळाडूनं तास बुडवल्यावर तो पाळणं हे कोचचं काम आहे.

तरीही खरा बोचरा प्रश्न वेगळाच आहे. "शेवटच्या वर्षी सगळं असिस्टंटनीच केलं ना? तरी २७ सामने जिंकले. मग हेड कोच करते तरी काय?" ऐकलं की तळपायाची आग मस्तकात जाते. आग शांत झाली की लक्षात येतं, प्रश्न रास्त आहे.

२०११ च्या मे महिन्यात मेयो क्लिनिकमध्ये निदान झालं आणि ऑगस्टमध्ये त्यांनी ते जाहीर केलं: अल्झायमर, वय ५९. आधीच्या हंगामात सामना चालू असताना कुठला डाव पुकारायचा ते त्यांना सुचेनासं होत होतं. संधिवाताच्या औषधांचा परिणाम असेल, असं त्यांना वाटत राहिलं.

डाव पुकारणं म्हणजे काय, ते जरा जवळून बघा. शॉट क्लॉक, म्हणजे चेंडू हाती आल्यावर शॉट मारायची मुदत, ३० सेकंदांची. गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणणारी खेळाडू, मैदानाची मधली रेषा ओलांडते त्यात सातआठ सेकंद जातात, आणि ओलांडता ओलांडता ती बेंचकडे बघते. त्या क्षणी हाताची खूण किंवा आकडा मिळाला पाहिजे. मग पाचजणी जागा घेणार, पहिला पर्याय अडला तर दुसरा, आणि घड्याळ संपायच्या आत शॉट. खूण तीन सेकंद उशिरा आली तर गार्ड जागच्या जागी चेंडू आपटत राहते, बाकी चौघी तिच्याकडे बघत उभ्या, आणि शेवटी कुणीतरी दोघींच्या अंगावरून कसाबसा शॉट मारते. प्रेक्षकांना ती चूक खेळाडूची वाटते.

बदली खेळाडूचंही तसंच. तिला खेळ थांबण्याआधी स्कोअरर टेबलापाशी पोचवावं लागतं. दमलेली मुलगी दिसली, पण नाव पाच सेकंद उशिरा पुकारलं, तर खेळ पुन्हा सुरू होतो, आणि पुढचा थांबा कधी येईल ते कुणाच्या हातात नसतं. तेवढ्यात तीच दमलेली मुलगी फाउल करते. त्या काळी सामना २० मिनिटांच्या दोन भागांचा होता. समोरच्या संघाचे एका भागात सहा फाउल झाले की पुढच्या फाउलपासून आपल्याला फ्री थ्रो, तेव्हा लांबून मारायचं सोडून चेंडू बास्केटखाली न्यायचा. आपल्या मुख्य खेळाडूचे मध्यंतराआधीच दोन फाउल झाले तर बसवायचं की जोखीम घ्यायची? टाइमआउट किती उरले? चेंडूवरचा पुढचा हक्क दाखवणारा बाण कुणाकडे? हे सगळं एकाच डोक्यात, हजारोंच्या गोंगाटात, आणि दर अर्ध्या मिनिटाला आधीचं पुसून नवं. या आजारानं घाव घातला तो बरोबर तिथेच.

मग काम वाटलं गेलं. हॉली वॉर्लिक, त्यांच्याच हाताखाली खेळलेल्या आणि १९८५ पासून असिस्टंट असलेल्या, कडेला उभ्या राहून सामना चालवू लागल्या आणि नंतर पत्रकारांसमोर बसू लागल्या. मिकी डीमॉस आणि डीन लॉकवूड यांनी सरावातला नि बेंचवरचा आपापला वाटा वाढवला. समिटबाई बेंचवर. माझी कीव करायची नाही, हे त्यांनी मुलींना सुरुवातीलाच बजावलं होतं. प्रेक्षकांच्या अंगावर 'वी बॅक पॅट', म्हणजे 'आम्ही पॅटच्या पाठीशी', असे टी-शर्ट.

बेंचवरचं काम तिघांत वाटता आलं. मुलींच्या डोक्यावर जे होतं ते वाटता येत नव्हतं. त्या वर्षी शेवटचा हंगाम खेळणाऱ्या बहुतेक मुली फायनल फोर, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेची उपांत्य फेरी, एकदाही न बघता जाणार की काय, ही टांगती तलवार होती. टेनेसीत चार वर्षं काढलेल्या कुठल्याही तुकडीवर ती वेळ आलेली नव्हती. त्यात प्रत्येक सामना 'बाईंसाठी' जिंकायचा. एरवी संघ असा आखडला की समिटबाई टाइमआउट घेऊन एक नजर टाकायच्या आणि मुलींना हरण्याच्या भीतीपेक्षा त्यांची भीती मोठी वाटायची. आता त्यांच्यावर चिडायचीही सोय नव्हती. २६ मार्च २०१२ ला डे मॉइनमध्ये बेलर विद्यापीठानं ७७-५८ असं हरवलं. सहा फूट आठ इंची ब्रिटनी ग्रायनर असलेला तो बेलरचा संघ ४०-० करूनच थांबला, तेव्हा त्या पराभवात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. १८ एप्रिलला समिटबाईंनी पद सोडलं. २८ जून २०१६ ला त्या गेल्या.

२७-९. त्या नऊ पराभवांवर बोट ठेवून 'बघा, हेड कोच नसल्यानं काय होतं' म्हणायचा मोह होतो. पण १९९७ मध्ये दहा सामने हरूनही त्या अजिंक्य ठरल्या होत्या, आणि तेव्हा त्यांचं डोकं अगदी ठणठणीत होतं. आकड्यांतून उत्तर निघत नाही. ते २७ विजय त्यांच्याच नावावर लागले. त्या संघातल्या मुली त्यांच्या शब्दावर आल्या होत्या, म्हणून ते योग्य, असं मी म्हणेन. वॉर्लिक यांना हे ऐकून काय वाटेल याचा विचार आला की आवाज जरा खाली येतो.

आता पुन्हा त्या 'पण'कडे. १९७२ मध्ये शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी घालणारा टायटल नाइन कायदा आला तेव्हा अमेरिकन कॉलेजांतल्या मुलींच्या संघांच्या कोचपैकी ९० टक्क्यांहून जास्त स्त्रिया होत्या. पैसा येऊ लागला तसे पुरुष येत गेले, आणि २०१४ पर्यंत स्त्रियांचं प्रमाण ४३ टक्क्यांवर आलं. यूकॉनचे, म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठाचे, जीनो ऑरिएमा १९८५ पासून मुलींचाच संघ सांभाळतात, त्यांच्या नावावर बारा अजिंक्यपदं आहेत, आणि त्यांच्यामुळे खेळ पुढे गेला हेही खरं. पण उलट दिशेनं, मुलांच्या कॉलेज संघांकडे, गेलेल्या स्त्रिया बोटांवर मोजाव्या लागतात. दार एकाच बाजूनं उघडत असेल, तर 'ती तिकडे का गेली नाही' असं एकटीला विचारण्यात काय अर्थ?

असं म्हणून मी विषय संपवत असे. आता डॉन स्टेली आडव्या येतात. कोच म्हणून साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या मुलींना तीन अजिंक्यपदं, २०२४ चं ३८-० असं, आणि २०२५ पासून वर्षाला ४० लाख डॉलर. समिटबाईंनी दहा लाखांचा टप्पा गाठला तोच २००६ मध्ये. त्याच वर्षी, २०२५ मध्ये, न्यूयॉर्क निक्स या पुरुषांच्या व्यावसायिक एनबीए संघानं स्टेलींना हेड कोचपदाच्या मुलाखतीला बोलावलं. नोकरी मिळाली नाही. मिळाली असती तर घ्यावीच लागली असती, स्वतःपुरतं नाही तर बायकांसाठी, असं त्यांनी नंतर उघड सांगितलं. म्हणजे माझ्या एका ओळीच्या उत्तरातलं तत्त्व त्यांनीच उलटं धरलं. आणि त्यांची बाजू मला खोडता येत नाही.

त्या मुलाखतीत स्टेलींनीच निक्सवाल्यांना विचारलं होतं: मला नेमलंत तर तुमच्या रोजच्या कामात काय फरक पडेल? सलग पाच सामने हरलो तर चर्चा पराभवांची होणार नाही, बाई कोच असल्याची होईल, तयारी आहे? हे विचारलं तिथेच आपलं बिनसलं, असं त्यांना वाटतं. समिटबाई नव्वदच्या दशकात तिकडे गेल्या असत्या तर २०२५ मध्ये हे विचारायची वेळ आली नसती का? की चार सामने हरल्यावर त्यांनाही घरी पाठवून तीस वर्षं तोच दाखला दिला असता? काही दिवस मला पहिलं पटतं, काही दिवस दुसरं.