प्रेस कौन्सिलकडे तक्रार करताना

वृत्तपत्रात चुकीचं छापून आलं, तर प्रेस कौन्सिलकडे, म्हणजे वृत्तपत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या वैधानिक संस्थेकडे, जाण्याआधी संपादकाला लेखी कळवा. त्या पत्राची प्रत नसेल तर तक्रार तिथेच अडते. मुदत प्रसिद्धीपासून मोजायची: दैनिक-साप्ताहिकांसाठी २ महिने, मासिकांसाठी ४. सोबत कात्रण, मराठी मजकुराचा इंग्रजी अनुवाद आणि याच विषयावर न्यायालयात प्रकरण चालू नसल्याचं निवेदन जोडा. प्रकरण चालू असेल तर कौन्सिल चौकशीच करू शकत नाही.

१९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्यातलं कलम १४ कौन्सिलला ताकीद, समज किंवा निषेध इतकीच मुभा देतं. दंड नाही. हे अपुरं आहे, पण दंडाचा अधिकार सरकारकडे जाण्यापेक्षा मला हेच बरं वाटतं. कलम १५ तर मोलाचं: चौकशीत पत्रकाराला बातमीचा स्रोत सांगायची सक्ती करता येत नाही. वृत्तवाहिन्या मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत.