रामविजयाचं नाटक करायचंय, पण यमकाचं काय करू?

यंदा गणपतीत आमच्या मंडळाने श्रीधरस्वामींच्या रामविजय पोथीतलं सीतास्वयंवर संगीत नाटक म्हणून बसवायचं ठरवलंय आणि लिहायचं काम माझ्या गळ्यात आलंय. सांगलीत राहून सीतास्वयंवराला हात घालणं म्हणजे आगाऊपणाच, कारण 1843 ला विष्णुदास भाव्यांनी सांगलीचे राजे चिंतामणराव आप्पासाहेबांच्या सांगण्यावरून इथेच ते केलं आणि तिथून मराठी रंगभूमी मोजतात. असो.

पोरांना सगळं यमकात पाहिजे, रॅपसारखं. म्हणतात पोथीतल्या ओव्या उचलायच्या की झालं. पण ओवीत पहिल्या तीन चरणांना यमक आणि चौथा मोकळा, ऐकायला झकास, पण तेच रावणाच्या तोंडी घातलं की रावण पारायणाला बसल्यासारखा वाटतो. आणि खरी अडचण यमकाची नाहीच, श्रीधरस्वामींची आहे. 40 अध्याय तेच बोलतायत, धनुष्यापाशी रावणाची फजिती तेच रंगवतात, मधेच श्रोत्यांना हाक मारतात, आता ह्या माणसाला स्टेजवर कुठे उभा करायचा?

इंग्रजीत ड्रायडन नावाच्या कवीने हाच उद्योग केलेला, दुसऱ्याच्या काव्याचं यमकात नाटक. मिल्टनचं पॅराडाइज लॉस्ट हे आदम आणि सैतानाचं महाकाव्य 1667 चं, मुद्दाम बिनयमकाचं, यमक म्हणजे कटकटीची बेडी असं मिल्टनने स्वतः लिहून ठेवलेलं, आणि ह्या गड्याने त्याचाच ऑपेरा लिहिला, त्यात आदमपण यमकात बोलतो आणि सैतानपण. 1677 ला छापून आला, स्टेजवर कधी आलाच नाही. आता नरक, उडणारे देवदूत, खर्च कोण करणार म्हणा. पण मला वाटतं कथा सांगणारा मिल्टन बाजूला काढला तिथेच अर्धं काव्य गेलं, नुसती यमकं जुळवून ते कुठलं परत येतंय.

भाव्यांनी हे बरोब्बर सोडवलेलं. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ डोळ्यासमोर होतेच. पदं सगळी सूत्रधाराने गायची, पात्रांनी त्यावर अभिनय करायचा आणि जे काय बोलायचं ते गद्यात, तेही ऐनवेळी सुचेल तसं. राक्षस तर नुसते आरोळ्या ठोकत तलवारी नाचवायचे, त्यावरून ह्या नाटकांना पुढे लोक अललडुर्र म्हणून चिडवायला लागले, पण पब्लिक येत होतं ना!

म्हणून मीपण तेच करतोय. ओव्या सूत्रधाराकडे, बोलणं साध्या सांगलीच्या भाषेत, आणि रॅप पाहिजेच तर विदूषकाला देऊन टाकला, पोरं खूश. आता सूत्रधार. हरिपूरचे एक भजनी काका तयार आहेत, आवाज खणखणीत, फक्त काळी चार ह्या चढ्या पट्टीच्या खाली यायला तयार नाहीत. आमचा राम नववीतला, आवाज नुकताच फुटलाय, त्या पट्टीत तो मेला तरी गाणार नाही. बरंय, त्याला गायचंच नाही.