जर्मनीत डॉक्टर व्हायचंय? मेडिसिन नंतर, आधी पत्र लिहायला शिका

अर्ज पाठवून काही महिने झाले की जर्मन सरकारी कार्यालयाचं पत्र येतं. आत विषयवार तक्ता असतो आणि निष्कर्ष एका वाक्यात: अर्जदाराच्या वैद्यकीय शिक्षणात जर्मन शिक्षणाच्या तुलनेत महत्त्वाचे फरक आहेत. याला इथे 'डेफिझिटबेशाइड', म्हणजे त्रुटी दाखवणारं पत्र, म्हणतात. आपल्याकडून एमबीबीएस करून आलेल्या बहुतेकांच्या हाती ते पडतं आणि डोकं फिरतं. ससूनच्या किंवा केईएमच्या कॅज्युअल्टीत रात्र काढलेल्या माणसाला कोण सांगतंय की त्याचं सर्जरीचं शिक्षण अपुरं आहे? साप चावलेला, विष प्यायलेला, टीबीने फुप्फुस पोखरलेला रुग्ण इथल्या जिल्ह्याच्या गावातल्या डॉक्टरने अख्ख्या कारकिर्दीत पाहिला असेल का, शंकाच आहे.

राग खरा आहे, पण त्याचा उपयोग नाही. तो तक्ता तुम्ही किती रुग्ण पाहिले ते मोजत नाही, कागदावर कोणत्या विषयाचे किती तास लिहिलेत ते मोजतो. युरोपात वैद्यकीय शिक्षण म्हणजे किमान 5,500 तास. आपले तास भरतात, पण ते लिहिलेले कुठे असतात? कॉलेजकडे अभ्यासक्रम मागितला की अनेकदा विषयांची नावं आणि गुण एवढाच कागद मिळतो. अधिकाऱ्याने तास कुठून काढायचे? म्हणून भारत सोडण्यापूर्वी दोन गोष्टी हातात घ्या: तुमच्याच बॅचला लागू असलेला, विषयवार तास दाखवणारा आणि कॉलेजचा शिक्का असलेला अभ्यासक्रम, आणि इंटर्नशिपचा विभागवार, तारखांसह दाखला. 2019 साली नवा अभ्यासक्रम आला. त्याआधीच्या बॅचने नव्या अभ्यासक्रमाची प्रत लावली तर गोंधळ होतो. इथून नाशिकच्या विद्यापीठाला किंवा कॉलेजच्या क्लार्कला ईमेल करून ही कागदं मिळवणं काय असतं, ते सांगायची गरज नाही.

जर्मनीत परवाना देणारी एकच संस्था नाही. सोळा राज्यं आणि प्रत्येकाचं कार्यालय वेगळं. नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेनचे अर्ज म्युन्स्टरला, बाडेन-व्युर्टेम्बर्गचे स्टुटगार्टला. बायर्नमध्ये तर दोन कार्यालयं आहेत. जिथे काम करायचा इरादा आहे तिथेच अर्ज करायचा, आणि इरादा म्हणजे मनातली इच्छा नव्हे: त्या राज्यातल्या रुग्णालयांना केलेले अर्ज, मुलाखतीचं बोलावणं किंवा नोकरीचं पत्र. एकाच वेळी दोन राज्यांत अर्ज चालत नाही, तसं लिहूनच द्यावं लागतं. त्यामुळे 'अमुक राज्य लवकर करतं' हे ऐकून उडी मारण्याआधी त्या राज्याची कागदपत्रांची यादी शब्दन् शब्द वाचा.

यादीत साधारण हे असतं: सही केलेला, तारखांमध्ये एकही भोक नसलेला बायोडेटा, पदवी, गुणपत्रिका, नोंदणी, वैद्यकीय परिषदेचं गुड स्टँडिंग प्रमाणपत्र, पोलिसांचा दाखला, तब्येतीचा दाखला. गुड स्टँडिंग आणि पोलीस दाखला बहुधा तीन महिन्यांहून जुने चालत नाहीत, म्हणून ते सर्वात शेवटी काढा. उलटं केलं की बाकीचं जमेपर्यंत त्यांची मुदत संपते. भाषांतर अनेक कार्यालयांना जर्मनीतल्या शपथबद्ध अनुवादकाचंच लागतं, पुण्यात करून आणलेलं परत येऊ शकतं. अॅपॉस्टिल, म्हणजे हेग करारानुसार कागद अस्सल असल्याचा शिक्का, केलं म्हणजे काम झालं असंही नाही. त्या करारातल्या भारताच्या प्रवेशाला जर्मनीने आक्षेप घेतलेला आहे, त्यामुळे अस्सलपणाचा कोणता पुरावा चालेल हे त्या त्या कार्यालयालाच विचारावं. आणि ज्यांच्यावर सरकारी कॉलेजचा बॉण्ड आहे त्यांनी तो आधी निकालात काढा. वर्षभर सेवा द्या किंवा दहा लाख भरा, पण गुड स्टँडिंगच्या वेळी परिषदेपुढे तो विषय नको. बीएएमएस आणि बीएचएमएसवाल्यांनाही एजंट बोलावतात. त्या पदवीवर इथे डॉक्टरचा परवाना मिळत नाही. एजंटला फी मात्र मिळते.

आता भाषा. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण आपली हुशार मुलं इथेच अडकतात.

सामान्य जर्मन बी-2 पर्यंत (युरोपात भाषेच्या पातळ्या ए-1 ते सी-2 अशा मोजतात). पुणेकर-मुंबईकरांना मॅक्स म्युलर भवन आहेच. सगळं सोडून बसलात तरी आठ-दहा महिने धरा, नोकरी सांभाळून दीड वर्ष. ते झालं की वैद्यकीय जर्मनची परीक्षा, फाखश्प्राखप्र्यूफुंग, सगळे एफएसपी म्हणतात. तिची पातळी सी-1. देशभरच्या आरोग्यमंत्र्यांनी 2014 मध्ये हा आराखडा ठरवला आणि बहुतेक राज्यांत डॉक्टरांची परिषद ती घेते. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग: रुग्णाशी संवाद, त्यावर लेखी अहवाल, मग वरिष्ठ डॉक्टरला तोंडी माहिती. रुग्णाचं काम परीक्षकच करतो.

या परीक्षेत तुमच्या निदानाला गुण नाहीत, हे आपल्या लोकांच्या पचनी पडत नाही. छातीत दुखणारा रुग्ण समोर आला की आपण दोन मिनिटांत ईसीजीवर आणि ट्रोपोनिनच्या रक्ततपासणीवर पोचतो. परीक्षकाला मात्र हवं असतं की तुम्ही नाव विचारलंत, स्पेलिंग सांगायला लावलंत, जन्मतारीख, उंची, वजन, फॅमिली डॉक्टरचं नाव लिहून घेतलंत, मग दुखण्याकडे वळलात. त्यानंतर झोप, भूक, वजनातला बदल, शौच, लघवी, रात्रीचा घाम. मग अॅलर्जी वेगळी आणि सहन न होणारे पदार्थ वेगळे, दोन्हींत नेमकं काय होतं ते. सिगारेट किती हे नुसतं विचारून भागत नाही, पॅक-वर्षं काढायची. वीसचं पाकीट धरून दिवसाला दहा सिगारेट वीस वर्षं, म्हणजे दहा पॅक-वर्षं. पुढे कुटुंबातले आजार, नोकरी, घर कितव्या मजल्यावर. वीस मिनिटांत एवढं सगळं, आणि मध्येच रुग्ण घाबरून विचारतो, 'डॉक्टर, कॅन्सर तर नाही ना?' तिथे त्याला धीर न देता पुढच्या प्रश्नावर गेलात तर गुण जातातच.

आकडे हा आपल्यासाठी वेगळा सापळा. जर्मनमध्ये एकवीस म्हणताना एक आधी येतो आणि वीस नंतर. मराठी माणसाला हे जड जायला नको, आपलंही तसंच आहे. पण आपण डोक्यात इंग्रजीतून हिशोब करतो आणि 47 चे 74 होतात. औषधाच्या डोसात ही चूक झाली तर परीक्षक माफ करत नाही, आणि करूही नये.

औषधं रुग्ण ब्रँडच्या नावाने सांगतो. नोव्हाल्गिन म्हणजे मेटामिझोल, आपल्याकडची जुनी वेदनाशामक अॅनाल्जिन. इथे ते वॉर्डात सर्रास दिलं जातं, तेव्हा पांढऱ्या पेशींवरचा त्याचा दुष्परिणाम माहीत हवा. रक्त पातळ करायला आपण अॅसिट्रोम किंवा वॉरफॅरिन लिहितो, इथले म्हातारे 'मार्कुमार' सांगतात आणि ते तिसरंच, फेनप्रोकुमॉन, शरीरात बराच काळ राहणारं. शस्त्रक्रियेआधी ते केव्हा थांबवायचं याचं गणित त्यामुळे बदलतं.

सर्वात जास्त लोक पडतात ते दुसऱ्या भागात, पत्रात. आर्त्झब्रीफ, म्हणजे डॉक्टरने डॉक्टरला लिहिलेलं हे पत्र, इथल्या व्यवस्थेचा कणा आहे. रुग्ण घरी जाताना ते त्याच्या हातात असतं आणि फॅमिली डॉक्टर त्यावरच पुढचे उपचार ठरवतो. परीक्षेत ते वीस मिनिटांत लिहायचं, आणि रुग्णाने सांगितलेलं सगळं 'त्याच्या सांगण्यानुसार' या अर्थाच्या क्रियापदरूपात. तुम्ही स्वतः पाहिलेलं आणि रुग्णाने सांगितलेलं यांत फरक दिसलाच पाहिजे. माझ्या मते हे आपल्या डिस्चार्ज कार्डांपेक्षा शंभर पटीने चांगलं आहे. चार ओळी, अर्ध्या न लागणाऱ्या अक्षरातल्या, आणि रुग्ण दुसऱ्या गावी गेला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. अर्थात आपल्या वॉर्डात एका रेसिडेंटच्या वाट्याला जेवढ्या खाटा येतात तेवढ्या इथे आल्या, तर हे सुबक पत्र किती दिवस टिकेल, तेही बघायला आवडेल.

तयारीचा एकच मार्ग कामाचा आहे: रोज घड्याळ लावून एक पत्र, आणि ते दुरुस्त करणारा कुणी जर्मन डॉक्टर किंवा शिक्षक. बोलण्याचा सराव आपली मुलं गटात करतात, पत्राचा टाळतात.

एफएसपी झाल्यावर तात्पुरता परवाना मिळू शकतो, बेरूफ्सएरलाउबनिस. एकूण जास्तीत जास्त दोन वर्षांचा आणि त्या राज्यापुरता. त्या काळात केन्टनिसप्र्यूफुंग, म्हणजे खरी वैद्यकीय परीक्षा, उरकायची. मेडिसिन आणि सर्जरी ठरलेले, त्याच्या बाजूने इमर्जन्सी, फार्माकॉलॉजी, इमेजिंग, रेडिएशनपासून संरक्षण आणि वैद्यकीय कायदा. रुग्ण तपासून अहवाल द्यायचा, मग तोंडी परीक्षा, माणशी तास-दीड तास. दोनदा पुन्हा देता येते, त्यानंतर नाही. यात आपण चमकतो, इमेजिंग आणि कायदा सोडून. काही राज्यांत तासांची तुलना नको असं लिहून देऊन थेट या परीक्षेला बसता येतं. बहुतेक एमबीबीएसवाल्यांनी तेच करावं. पुढे मिळतो तो कायमचा, देशभर चालणारा परवाना, अप्रोबाट्सिऑन.

नोकरीची गोष्ट मात्र नीट-पीजीने पोळलेल्या माणसाला खोटी वाटेल. स्पेशलायझेशनला प्रवेश परीक्षा नाही, रँक नाही, जागेची फी नाही. विभागप्रमुखाला बायोडेटा आणि अर्ज एका पीडीएफमध्ये पाठवायचा, त्याला पटलं की तीन-चार दिवस वॉर्डात बसून बघायला बोलावतात आणि मग करार. रेसिडेन्सी हीच पगारी नोकरी, सुरुवातीला महिना पाच हजार युरोंच्या पुढे, एकट्या माणसाचा त्यातला बराच भाग कर आणि विम्यात जातो. मेडिसिन पाच वर्षं, सर्जरीच्या शाखा सहा. मोठ्या शहरांत आणि विद्यापीठांच्या रुग्णालयांत पूर्ण परवान्याशिवाय फारसं कुणी बघत नाही. थ्युरिंगेन, झाक्सेन-आनहाल्ट इथली लहान रुग्णालयं तात्पुरत्या परवान्यावरही घेतात. तिथे आधी जाण्यात कमीपणा नाही. गडचिरोलीची पोस्टिंग टाळणारे आपण तिथे आनंदाने जातो, हा टोमणा घरचे मारतातच, आणि त्यावर माझ्याकडे धड उत्तर नाही. एवढंच म्हणेन की तिथे सुटीचा दिवस खरंच सुटीचा असतो.

करारावर सही करण्याआधी विभागप्रमुखाला किती वर्षांचं प्रशिक्षण द्यायचा अधिकार आहे ते विचारा. डॉक्टरांची परिषद हा अधिकार व्यक्तीला देते, इमारतीला नाही. लहान ठिकाणी तो दोनच वर्षांचा असू शकतो आणि प्रमुख बदलला की बदलतो. एंडोस्कोपी किंवा इको किती करायला मिळतील, लॉगबुकवर सही कोण करणार, हेही तेव्हाच.

आणि परत यायचा विचार असेल तर सर्वात आधी हे तपासा. विदेशी पदव्युत्तर पात्रतेला आपल्याकडे थेट मान्यता आहे ती इंग्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या पाच देशांच्या. त्यांत जर्मनी नाही. इथे सहा वर्षं घालवून सर्जन झालेला माणूस महाराष्ट्रात परतला की नोंदणीच्या कागदावर पुन्हा एमबीबीएसच.