गुटखा नाही, हापशी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाही, मी गुटखा खात नाही. पुण्यात गुटखा विचारतात, नागपुरात खर्रा. बरेच जण विचारतही नाहीत, नुसते बोलताना माझ्या दातांकडे बघत राहतात. हे डाग आमच्या गावच्या हापशीचे आहेत.

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, पांढरकवड्याकडचं. बोअर मारून हापशी बसली तेव्हा ताई नऊ वर्षांची होती आणि मी आईच्या पोटात. त्याआधी सगळं गाव विहिरीचं प्यायचं. विहीर चैतात तळाला जायची, हापशी बारमाही, आणि पाणी काचेसारखं. पण खोल खडकात वर्षानुवर्षं राहिलेल्या पाण्यात खडकातलं फ्लोराइड उतरतं. त्याला ना चव, ना वास.

ताईचे दात पांढरेशुभ्र, माझ्या दातांवर तपकिरी पट्टे. जेवलो एकाच ताटात. फरक वयाचा. कायमच्या दातांवरचं एनॅमल हिरडीच्या आत बनतं, समोरच्या दातांचं तर पहिल्या तीन-चार वर्षांतच. तेव्हा फ्लोराइड जास्त पोटात गेलं की दात डाग घेऊनच उगवतो. राख, मीठ, लिंबू, सगळं घासून पाहिलंय. जात नाही.

मी सातवीत असताना पाणी तपासलं आणि हापशीला लाल रंग मारून गेले. लिटरला दीड मिलिग्रॅम ही शेवटची हद्द, आमचं तिच्या दुपटीवर. आई म्हणाली, उकळून पिऊ. उकळल्यानं फ्लोराइड जात नाही; पाणी आटतं, ते तेवढंच राहतं.

"मग पोराला फ्लोराइडची पेस्ट कशी देतेस?" हा पुढचा प्रश्न, आणि तो विचारणाऱ्यांच्या घरी हल्ली 'फ्लोराइड नसलेली' महागडी पेस्ट असते. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी 1901 मध्ये फ्रेडरिक मॅके नावाचा दंतवैद्य आला, तर तिथल्या माणसांचे दात माझ्यासारखे. तीस वर्षं तो त्यामागे लागला. 1931 मध्ये पाण्यात फ्लोराइड सापडलं. पण त्याआधीच त्याच्या लक्षात आलं होतं की हे डागाळलेले दात किडतात कमी. पुढे थोडं फ्लोराइड मुद्दाम द्यायची कल्पना निघाली ती यातूनच.

आम्ही आता पुण्यात धरणाचं पाणी पितो, त्यात फ्लोराइड नसल्यातच जमा. म्हणून पोराला पेस्ट देते. तो पाच वर्षांचा आहे, त्याला वाटाण्याएवढी. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी द्यायचे. जाहिरातीत ब्रशभर पिळतात ते बघून माझं डोकं फिरतं. शेजारी उभी राहून थुंकायला लावते, गिळू देत नाही.

माझा एकही दात किडलेला नाही. ताईच्या पांढऱ्याशुभ्र दातांत दोन रूट कॅनाल आहेत, पण तिला कुणी काही विचारत नाही.