आरशातलं नागपूर: जिथे मारबत परत येते

नागपुरात पाहुणा आला की आम्ही त्याला दीक्षाभूमी, फुटाळा, झिरो माईल, बर्डीचा किल्ला असं ठरलेलं सगळं फिरवतो. शहराची पलीकडची बाजू बघायची असेल तर मात्र महाल भागातल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर जावं लागतं. तिथे पुरुषभर उंचीचा आरसा भिंतीला टेकवलेला आहे, कलई ठिकठिकाणी उडालेली. मे महिन्यातली दुपार होती, कूलरमधून वाळ्याचा ओला वास येत होता आणि सावजी रस्सा जरा जास्तच झाला होता. मी झोपलो होतो की जागा, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी तिकडे गेलो होतो, एवढं खरं.

आरसा डावं-उजवं बदलतो असं आपण लहानपणापासून ऐकतो. तसं नाही. आरशासमोर उभे राहा: पूर्वेकडचा हात आरशातही पूर्वेलाच दिसतो. फिरतं ते तोंड. म्हणजे बदलतं ते पुढचं आणि मागचं. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि पायांनी शिकणं वेगळं. तिकडे समोरच्या वस्तूकडे चालत गेलं की ती लांब जाते. पाठ फिरवून चालायला लागलं की पोचता येतं. बडकस चौकापर्यंत मी पाठमोरा चालत गेलो. कुणी हसलं नाही, सगळेच तसे चालत होते. आपल्या रहदारीची सवय असलेल्याला त्याचं फार काही वाटतही नाही.

चौकात संत्री मांडली होती. रंग तोच, साल तशीच सैल. सोललं आणि भपकन टर्पेंटाइनचा वास आला! संत्र्याच्या वासात लिमोनिन नावाच्या द्रव्याचा मोठा वाटा असतो. त्याच्या रेणूची उलट घडण, म्हणजे आरशातलं रूप, नाकाला संत्र्यासारखं न लागता पाइनच्या राळेसारखं लागतं. साखरेची तऱ्हा आणखी वाईट. उलट घडणीचं ग्लुकोज जिभेला गोडच लागतं, पण आपल्या शरीराला ते पचवता येत नाही. संत्रा बर्फीचा अख्खा डबा संपवला तरी भूक जागच्या जागी. शेवटी तर्री पोहे घेतले. डोळ्यांतून पाणी आलं आणि जिवात जीव आला. तिखटातल्या कॅप्सेसिनला डावं-उजवं रूपच नाही. ते इकडे जसं जाळतं तसंच तिकडे. तेव्हा पलीकडे जाणाऱ्यानं तर्रीवर भरवसा ठेवावा.

इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिचरी या आपल्या वस्त्या शहरभर विखुरलेल्या आहेत. तिकडे त्या एका ओळीत लागतात, पण उलट क्रमानं. शनिचरीत चहा पिऊन पैसे दिले आणि शुक्रवारीत पोचेपर्यंत तो चहा अजून सांगायचाच होता. इतवारीत शिरलो तर पोळ्याची कर निघाली, म्हणजे तान्हा पोळा. लाकडी बैल पोरांना झूल पांघरून, दोरी धरून दारोदार फिरवत होते आणि बोजारा मागत होते. पोरं शहाण्यासारखी चाकांवर उभी होती.

आणि मग ती गर्दी. मारबत म्हणजे कागद-बांबूचा बाईचा मोठा पुतळा. आपल्याकडे काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते. ‘रोगराई, इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ असं ओरडत लोक तिला वाजतगाजत नेतात आणि जाळून टाकतात. पुढे त्या इडापिडेचं काय होतं, याची चौकशी आजवर कुणी केलेली माझ्या तरी ऐकिवात नाही. ती तिकडे येते. राख गोळा होत होती, राखेचा कागद होत होता, कागद बांबूवर चढत होता आणि लोक आरतीचं ताट घेऊन ओरडत होते, ‘घेऊन ये गे मारबत!’

तिच्या पदराआडून एकेक जण उतरू लागला. डेंग्यू उतरला, खोकला उतरला, भ्रष्टाचार आपल्या माणसांसकट उतरला. पटकी आणि प्लेग जुने रहिवासी, ते स्वागताला उभे. देवीची बाई १९८० पासून तिथेच कायमची. तिला कुणी भाडं मागत नाही. महागाई नुसती हजेरी लावते आणि दिवेलागणीच्या आत मागच्या रस्त्यानं इकडे परतते. मागच्या सालचे बडगे, म्हणजे मारबतीबरोबर मिरवणारे माणसांचे पुतळे, गांधीसागर तलावाच्या काठावर पत्ते कुटत बसले होते. चेहरे ओळखीचे होते, नावं घेत नाही.

नऊवारीतली एक आजी वही घेऊन सगळ्यांची नोंद करत होती. मला पाहून थांबली.

“तू कोन्या सालचा गा? तुले कोनं हाकललं?”

“मी आपल्या मनानं आलो, आजी.”

“आपल्या मनानं इकडे कोनी येत नाही बाप्पा. कोनाच्या तरी घरी ‘घेऊन जा’ म्हनलं असंन तुह्या नावानं.”

मी विचारात पडलो. घरमालक? ऑफिसमधलं कुणी? की ज्याच्या लग्नात मी दोन्ही पंगतींना बसलो तो? आजीनं वही पुढे केली, मी सही केली. सही तिला सरळ दिसली, मला उलटी.

परतायचा रस्ता सोपा आहे: तोंड समोर करून सरळ चालत सुटायचं, आपोआप मागे येता येतं. खास मारबत पाहायला जाणार असाल तर जेवून जा. आजीनं विचारलं तर वाद घालू नका, हाकललं म्हणून सांगा. खोलीची सोय लगेच होते, तलावाच्या बाजूची, हवेशीर.