दोन फेऱ्या, एक डबी आणि शके 1590

गेल्या उन्हाळ्यात भाची सुट्टीवर आली होती, बारा वर्षांची आहे, पुण्यात वाढलेली, आणि तिला गोवा म्हणजे बीच एवढंच माहीत. मला ते मनापासून खटकायचं कारण आम्ही फोंड्याचे, आमच्या तालुक्यातलं अर्धं देवस्थान पोर्तुगीज देवळं पाडत होते म्हणून दुसरीकडून आलेलं आहे. मंगेश 1560 मध्ये कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. हे लहानपणापासून ऐकलेलं, पण नुसतं सांगून पोरांच्या डोक्यात काही उरत नाही हो, पायाखालून गेलं पाहिजे.

तर मी जिओकॅशिंगचा आधार घेतला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, कोणीतरी एक डबी लपवतो, आत एक वही असते, तिचं अक्षांश-रेखांश देतो आणि आपण मोबाईलच्या जीपीएसवर शोधत जायचं, सापडली की वहीत नाव लिहून परत तशीच ठेवायची. हे सुरू झालं मे 2000 मध्ये. तोपर्यंत अमेरिकेनं सामान्य लोकांसाठीचा जीपीएस सिग्नल मुद्दाम बिघडवून ठेवला होता, शंभरेक मीटर इकडे-तिकडे व्हायचं. 2 मे रोजी तो बिघाड काढला आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगन राज्यात डेव्ह अल्मर नावाच्या माणसानं एक बादली लपवून तिचं ठिकाण इंटरनेटवर टाकलं, झालं, खेळ सुरू.

यात एक प्रकार असतो मल्टी-कॅश. पहिल्या जागी डबी नसतेच, तिथे काहीतरी वाचायचं, मोजायचं, त्यातून पुढच्या जागेचे आकडे मिळतात. मला वाटतं गोव्यासाठी हाच प्रकार बनलाय. कारण आपल्याकडे इतिहास एका जागी बसलेला नाही, तो नदी ओलांडून गेलेला आहे!

आमचा मार्ग सप्तकोटीश्वराचा केला, हा देव दिवाडी बेटावरून नदीपलीकडे नार्व्याला गेलेला. सुरुवात ओल्ड गोव्याला, व्हॉइसरॉयच्या कमानीपाशी, तिथेच खाली दिवाडीची फेरीबोट लागते. कमानीवर नदीकडे तोंड करून वास्को द गामा उभा आहे, भाचीला प्रश्न होता की हा कोण आणि कमान पडल्यावर परत कधी बांधली. पुन्हा बांधली 1954 मध्ये, म्हणजे पोर्तुगीज जायच्या जेमतेम सात वर्षं आधी, हे ऐकून ती तिथेच थांबली आणि "मग एवढं कशाला बांधलं मावशी?" म्हणाली. मला याचं उत्तर चटकन देता आलं नाही, फेरी आली म्हणून चढलो.

दिवाडीवर कोटीतीर्थाची तळी आहे. सप्तकोटीश्वर हा कदंब राजांचा कुलदेव, मूळ देऊळ इथलं, पोर्तुगीजांनी ते पाडलं. तळीपाशी एक म्हातारी बाय शेणी वाळत घालत होती, आम्ही मोबाईल घेऊन फिरताना बघून म्हणाली "कितें सोदतात गो?" देव शोधतोय म्हटल्यावर हसली आणि हातानंच पलीकडची नदी दाखवली. माझ्या चिठ्ठीतल्या सगळ्या खुणांपेक्षा तो हात चांगला होता.

मग दुसरी फेरी, नार्वे. इथलं सप्तकोटीश्वराचं देऊळ शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये परत उभारायला घेतलं आणि दारावरच्या शिलालेखात शके 1590 आहे. हेच शेवटचं कोडं ठेवलं होतं, शकात 78 मिळवले की सन निघतो. तिनं दगडावरचे अंक बोटानं हवेत गिरवून वाचले, बेरीज केली आणि 1668 ओरडली, देवळात ओरडू नये हे सांगायचंही मला सुचलं नाही.

डबी मात्र देवळात नव्हती. हे मी आधी चुकीचं केलं होतं म्हणून आवर्जून सांगते. दोन वर्षांपूर्वी एका जुन्या चिऱ्यांच्या भिंतीच्या फटीत मी डबी खुपसली होती, पावसाळ्यात वहीचा लगदा झाला आणि डबी ओढताना भिंतीतला चुना निघून आला, ते बघून खूप वाईट वाटलं. चिरा मऊ असतो, सांध्यात काहीही कोंबू नका. खणायचं तर नाहीच, जागेच्या मालकाच्या परवानगीशिवाय खणू नये असा खेळाचाही नियम आहे. संरक्षित वास्तूत फक्त प्रश्न ठेवा, डबी कुणाच्या तरी भाटात, म्हणजे माडांच्या बागायतीत, विचारून ठेवा. आमची नार्व्यातल्या आतेच्या घरी, तुळशीमागच्या कोपऱ्यात, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली होती. माडाखाली सिग्नल नीट पकडत नाही म्हणून शेवटची दहा-पंधरा पावलं डोळ्यांनीच शोधावी लागली.

पुढचा मार्ग घंटेचा करायचाय. ओल्ड गोव्यातल्या सेंट ऑगस्टीन चर्चचा 46 मीटरचा पडका मनोरा, त्यातली घंटा आधी आग्वादच्या किल्ल्यावर गेली आणि 1871 पासून पणजीच्या चर्चमध्ये वाजते. शेवटचे आकडे त्या चर्चच्या पांढऱ्या पायऱ्या मोजून निघतील, किती ते इथे लिहीत नाही, भाची हे वाचते.